स्पॅनिशचे उच्चार अन् क्रियापदं: इंग्रजीच्या वाटेनं जाऊन फसलो भो

रावेरचा_पोऱ्या

राम राम मंडळी. तीन महिने झाले मोबाईलवर स्पॅनिश शिकतोय. हौस म्हणून नाही, कामासाठी. जळगावात एका छोट्या ऑफिसात आहे, ठिबकच्या नळ्या अन् फिटिंग बाहेर पाठवतो आम्ही, मेक्सिको आणि पेरूची गिऱ्हाईकं आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना इंग्रजी म्हणजे आपल्या गावातल्या माणसाला तमिळ.

तर मागच्या आठवड्यात एकाचा फोन आला, सॅम्पलच्या पार्सलचं भाडं कुणी भरलं म्हणून विचारत होता. मला सांगायचं होतं की शेठनी भरलं. मी आपलं ठासून म्हटलं 'पागो एल फ्लेते'. तो एकदम खूश, ग्रासियास ग्रासियास करत फोन ठेवला. दोन दिवसांनी मेल आली की पुढच्या मालाचंही भाडं तुम्ही भरताय त्याबद्दल आभारी आहोत!! शेठ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, संध्याकाळी जाताना फक्त एवढंच म्हणाले, "आता तुझ्या पगारातून कापू का?"

शब्द तर बरोबर होता ना? कुणी समजावून सांगेल का नेमकं काय चुकलं. आणि एकूणच उच्चार आणि क्रियापदं कशी बसवायची, ॲपमध्ये सगळं इंग्रजीतून आहे आणि माझं डोकं चालत नाही त्यातून.

मिरचीचा_ठसका

😂😂 पगारातून कापू का. शेठ भारी आहेत

अमळनेरची_लेक

भाऊ, शब्द बरोबर होता, जोर चुकला. माहेर अमळनेर, सध्या पुण्यात आहे, आठ-नऊ वर्षं स्पॅनिश शिकवतेय, तर जरा सविस्तर लिहिते, जेवण झाल्यावर वाच.

पाऽगो म्हणजे 'मी भरतो'. पागोऽ म्हणजे 'त्यानं भरले', किंवा एकालाच आदरानं 'त्यांनी भरले'. अक्षरं तीच. दुसऱ्यात शेवटच्या ओवर एक तिरकी रेघ असते, ती रेघ म्हणजे शोभा नाही, जोर इथे द्या असं सांगणारी पाटी आहे. तू पहिल्या अक्षरावर जोर दिलास, म्हणजे तू स्वतः भाडं भरायला तयार झालास. (हा ऽ मी जोर दाखवायला वापरतेय, गाण्यासारखं लांबवायचं नाही, नुसतं वजन टाकायचं.)

आणि गंमत बघ, शेठ ज्या शब्दावरून तुला बोलले तो पगार हा शब्द याच घरातला आहे. पोर्तुगीजमध्ये पागार म्हणजे पैसे देणं, तिथून मराठीत पगार आला, आणि स्पॅनिशमध्येही क्रियापद हेच, पागाऽर. म्हणजे पहिलं क्रियापद तुझं पाठच आहे.

पाऽगो, पाऽगास, पाऽगा, पागाऽमोस, पाऽगान. मी, तू, तो किंवा ती, आम्ही, ते. पुस्तकात आणखी एक सहावं रूप दिसेल, 'तुम्ही सगळे'चं, पण ते स्पेनमध्ये चालतं. तुझी गिऱ्हाईकं मेक्सिको-पेरूची, तिकडे ते रूप बोलत नाहीत, सरळ 'ते'चंच रूप वापरतात. पाच पाठ कर, सहावं सोडून दे.

रावेरचा_पोऱ्या

ताई एक नंबर. पण मग रेघ नसेल तेव्हा जोर कुठे द्यायचा ते कसं कळणार?

अमळनेरची_लेक

नियम आहे आणि तो पाळला जातो, इंग्रजीसारखा मनमानी कारभार नाही. शब्द स्वरानं किंवा न, स नं संपला तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर. बाकी कशानंही संपला तर शेवटच्यावर. याच्याबाहेर काही असेल तर रेघ.

आपल्या गावांवर करून बघ. इंग्रजीत लिहिलेली पाटी स्पॅनिश माणसानं वाचली तर चोपडा होईल चोऽप्दा, कारण शेवटी स्वर. नंदुरबार होईल नान्दुरबाऽर, शेवटी र. एरंडोल एरान्दोऽल. आणि जळगाव... ते जेनं लिहितो ना आपण, आणि शेवटी न घालतो? तो वाचेल खालगाऽओन.

धुळेकर

खालगाओन 😂 आणि धुळ्याचं काय होईल ताई

अमळनेरची_लेक

एच मुका असतो त्यांचा, कायम. म्हणून दूऽले.

धुळेकर

बरं झालं, निदान ओळखू तरी येतंय. आमच्या गावाचं स्पेलिंग पाहून बाहेरचे लोक काय काय वाचतात, त्यापेक्षा हे परवडलं

तापीकाठ

या मुक्या एचवरून आठवलं. माझा पुतण्या ओला म्हणायचं सोडून होला होला करत होता. नमस्कार म्हणजे ओऽला. 'आहे' म्हणायला ते जे लिहितात त्याचा उच्चार नुसता 'आय'. आय आऽग्वा? म्हणजे पाणी आहे का. हे वाक्य मी आधी शिकलो, उन्हाळ्यात आपल्याकडचा मुख्य प्रश्न तोच.

अमळनेरची_लेक

काका 🙏 बरोबर. आता उच्चार एकदाचे उरकते.

मराठी माणसाला जे फुकट मिळालंय ते आधी. स्वर पाचच, आ ए इ ओ उ, आणि कुठेही बदलत नाहीत. त आणि द आपल्यासारखे दाताला जीभ लावून, इंग्रजीतले ट ड नाहीत. तूऽ म्हणजे तू!! यावर मी वर्गात पहिल्या दिवशी टाळ्या वाजवून घेते. प, त, क मध्ये हवा नाही, म्हणून घर म्हणजे काऽसा, खासा नाही. इंग्रजांना हे शिकवायला महिना जातो, आपल्याला कोणी शिकवायची गरजच नाही. फक्त डोक्यात इंग्रजी ठेवलं की आपण पण टू आणि खासा करायला लागतो. भाऊ तुझ्या ॲपनं तेच केलंय.

आता जिथे मराठी फसवते ते. आपल्याकडे च दोन, चमच्यातला आणि चहातला. स्पॅनिशमध्ये फक्त चहातला. लेऽचे म्हणजे दूध, मूऽचो म्हणजे पुष्कळ. चमच्यातला च लावला की ऐकणारा गोंधळतो. झेड दिसला की आपण झ करतो, तोही नाही, तिकडे स. बुटाला सापाऽतो. काऽसामधला स पण स च राहतो, काझा होत नाही. आणि फ हा फळाचा नाही, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून.

जे म्हणजे घसा खाकरल्यासारखा ख, उर्दूतल्या ख़बरीचा ख. डोळा म्हणजे ओऽखो. जमत नसेल तर सरळ ह म्हण, कॅरिबियन बेटांकडे तसंच बोलतात, कुणी हसणार नाही. व नावाचा वेगळा आवाज नाहीये, बी आणि व्ही दोन्ही ब. राहणे म्हणजे बिबीऽर. स्वरांच्या मधे आला की ओठ पूर्ण मिटत नाहीत, जरा ढिला ब.

मिरचीचा_ठसका

अन् तो लांबवायचा र? माझा होतच नाही

तापीकाठ

बैल हाकलेत का कधी? हुर्रर्र. तोच.

अमळनेरची_लेक

काकांनी एका ओळीत सांगितलं 😀 पेऽरो एका र चा म्हणजे 'पण', पेऽर्रो डबल र चा म्हणजे कुत्रा. आणि शब्दाच्या सुरुवातीला एकच र लिहिला असला तरी तो लांबच. म्हणजे या धाग्याच्या मालकाचं गाव तिकडे होईल र्राबेऽर.

रावेरचा_पोऱ्या

र्राबेर ऐकून आमचं गाव मेक्सिकोतच आहे असं वाटायला लागलं. ताई डबल एलचं राहिलं. ॲपमध्ये कधी य ऐकू येतो कधी ज कधी चक्क श, डोकं उठलं

अमळनेरची_लेक

मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं ते. 😊 तुझी आजी जळगावला काय म्हणते?

रावेरचा_पोऱ्या

जयगाव

अमळनेरची_लेक

आणि पोळ्याला?

रावेरचा_पोऱ्या

पोया. डोळ्याला डोया, काळ्याला काया. 

थांबा थांबा

अमळनेरची_लेक

हां. आलं ना लक्षात?

आपल्या खान्देशात ळ चा य झाला. पुण्यात मला अजून माझ्या 'य' वरून चिडवतात, कॉलेजात तर एक बाई मला उभं करून 'कमळ' म्हणायला लावायच्या आणि वर्ग हसायचा. तेव्हा फार लागलं होतं. मग स्पॅनिश शिकताना कळलं की स्पॅनिशमध्ये अगदी हेच झालंय आणि तिथे त्याला व्याकरणात रीतसर नाव आहे, येईऽस्मो. डबल एलचा मूळ उच्चार ल आणि य एकत्र म्हटल्यासारखा होता, जिभेच्या दोन्ही बाजूंनी हवा जायची, आपल्या ळ लाही जिभेच्या बाजूनंच हवा जाते. जीभ ते कष्ट घेईनाशी झाली, राहिला नुसता य. बोलिव्हिया, पॅराग्वेकडे काही लोक अजून जुना उच्चार धरून आहेत, पण बहुतेक स्पॅनिश जग य म्हणतं, काही जागी तो जरा घट्ट होऊन ज कडे झुकतो, आणि अर्जेंटिनात बुएनोस आयरेसकडे श. चावीला याऽवे, तिकडे शाऽवे. आपला चावी शब्द पोर्तुगीजमधून आलाय, तो आणि याऽवे एकाच लॅटिन शब्दाची पोरं.

डबल एलनं लिहायचं, म्हणायचं कायोऽ, म्हणजे तो गप्प झाला. 'तो पडला' हेही कायोऽच. लिहिताना वेगळं, बोलताना एक. त्यावरून तिकडे कुणी कुणाला वर्गात उभं करत नाही.

धुळेकर

ताई हे वाचून बरं वाटलं. आम्ही पण पुण्यात खाल्लंय हे. मुलाखतीला गेलो तर 'वेळ' म्हणताना घाम फुटायचा

मिरचीचा_ठसका

कोंबडीला काय म्हणतात मग

अमळनेरची_लेक

डबल एलनंच लिहितात. म्हणायचं पोऽयो.

मिरचीचा_ठसका

पोयाला पोयो 😂😂 बैलाच्या सणाला कोंबडी नका कापू म्हणजे झालं

चाळीसगाव_ते_कुठेही

धागा मस्त चाललाय पण थोडा विरोध करतो. देवनागरीत उच्चार लिहून पाठ करणं ही कुबडी आहे. मी स्पेनमध्ये दीड वर्ष काढलंय, तिथे पाचला सिंको नाही म्हणत, जीभ दातात धरून थिंको म्हणतात, हे देवनागरीत कसं दाखवणार? ऐका, ऐका आणि ऐका. लिहिण्याच्या नादात लोक बोलतच नाहीत.

अमळनेरची_लेक

दादा, कुबडी आहे हे मान्य. पण पाय मोडलेल्याला कुबडी लागतेच की. रोमन अक्षर पाहिलं की आपलं डोकं आपोआप इंग्रजीकडे पळतं, ते तोडायला पहिले दोन महिने देवनागरी, मग टाकून द्यायची. आणि थिंको स्पेनचा, तोही सगळ्या स्पेनचा नाही. लॅटिन अमेरिकेत सगळे सिंको. याचं गिऱ्हाईक पेरूचं आहे.

चाळीसगाव_ते_कुठेही

ठीक आहे, दोन महिने मंजूर 😀

रावेरचा_पोऱ्या

क्रियापदांवर या ना ताई. आणि 'आहे' ला दोन शब्द का? सोय आणि एस्तोय. हे मला आजपर्यंत कुणी धड सांगितलं नाहीये. ॲप म्हणतं कायमचं असेल तर एक, तात्पुरतं असेल तर दुसरं

अमळनेरची_लेक

तो कायमचं-तात्पुरतंचा नियम विसर. भुसावळ महाराष्ट्रात आहे, हे तात्पुरतं आहे का? तरी तिथे एस्ताऽ, म्हणजे एस्तोयचं 'तो'चं रूप, लागतं. मेलेल्या माणसालाही एस्ताऽच लागतं, त्याच्याइतकं कायमचं काय असणार.

तू रावेरचा, केळीतला माणूस आहेस तर केळीवर सांगते. एस बेऽर्दे म्हटलं तर रंगच हिरवा, जातीनं हिरवा. एस्ताऽ बेऽर्दे म्हटलं तर केळं अजून कच्चं आहे, पिकायचंय. एस म्हणजे वस्तू मुळात काय, कोण, कुठली. एस्ताऽ म्हणजे सध्या कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे. सोय दे र्राबेऽर, मी रावेरचा. एस्तोऽय एन खालगाऽओन, सध्या जळगावात. आपण बोलताना 'चा' आणि 'त' वर जो फरक करतो तो ते क्रियापदावर करतात.

सोय, एऽरेस, एस, सोऽमोस, सोन.
एस्तोऽय, एस्ताऽस, एस्ताऽ, एस्ताऽमोस, एस्ताऽन.

हे मात्र घोकायचंच, इथे काही युक्ती नाही.

तापीकाठ

जरा भर घालतो. स्पॅनिशमध्ये बाप्या असो की बाई, क्रियापद एकच. बोलतो, बोलते असा फरक नाही, दोघांनाही आऽब्लो. प्रमाण मराठीतून शिकणाऱ्याला हे चुकल्यासारखं वाटतं. पण अहिराणीत आपण काय म्हणतो? मी करस. आई पण मी करस, बाप पण मी करस. म्हणजे स्पॅनिशला अहिराणी जास्त जवळची.

धुळेकर

काका जिंकले!! आता अहिराणी माध्यमाची स्पॅनिश शाळा काढा

अमळनेरची_लेक

काका हे मी वर्गात वापरणार, सांगून ठेवते.

आणि एक. आवडणे. इंग्रजीत मी आवडवतो अशी रचना आहे, त्यामुळे इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास आपटतात. आपलं बघा, मला आंबा आवडतो. माले आंबा आवडस. आंबा कर्ता, मी नुसता 'मला'. स्पॅनिश तंतोतंत तसंच, मे गूऽस्ता एल माऽन्गो. केळी जास्त असली तर आवडतात, मे गूऽस्तान लोस प्लाऽतानोस. मे म्हणजे मला, ते म्हणजे तुला, ले म्हणजे त्याला. आणि ले तर अहिराणीतला 'ले' वाटतो, पण योगायोग आहे हं, नातं लावू नका कुणी.

भुकेचं मात्र वेगळं. आपल्याला भूक लागते, त्यांच्याकडे भूक असते. तेऽन्गो आऽम्ब्रे. वयही तसंच, माझ्याकडे चोवीस वर्षं आहेत म्हणतात. तेऽन्गो, तिएऽनेस, तिएऽने, तेनेऽमोस, तिएऽनेन.

रावेरचा_पोऱ्या

हे तिएनेस मधे इए कुठून घुसतं आणि तेनेमोसला परत कुठे जातं? कोमेरला, म्हणजे खाण्याला, तर असं काही होत नाही, कोमो कोमेस कोमे कोमेमोस कोमेन सरळ आहे

अमळनेरची_लेक

मस्त प्रश्न. जोर बघ कुठे आहे. तिएऽनेस, जोर ए वर पडला, त्या वजनानं ए फुटून इए झाला (तेऽन्गो तेवढा अपवाद). तेनेऽमोस, जोर पुढे सरकला, ए वाचला. पुएऽदो म्हणजे मला जमतं, पण पोदेऽमोस. मराठीत फूल लिहितो आणि फुलाला लिहितो ना, जीव आणि जिवाला? प्रत्यय लागला, वजन पुढे गेलं, मधला स्वर ऱ्हस्व झाला. जात तीच, फक्त त्यांच्याकडे स्वर फुटतो, आपल्याकडे आखडतो. सगळीच क्रियापदं फुटत नाहीत, कोमेऽर नाही फुटत, कोणतं फुटतं ते शब्दाबरोबरच पाठ करायचं.

तुझ्या धंद्यातलं क्रियापद पण याच जातीचं आहे. शेताला पाणी देणं म्हणजे रेगाऽर. रिएऽगो, रिएऽगास, रिएऽगा, रेगाऽमोस, रिएऽगान. आणि ठिबक सिंचनाला म्हणतात रिएऽगो पोर गोतेऽओ. गोऽता म्हणजे थेंब.

रावेरचा_पोऱ्या

अरे!! आमच्या बिलावर हे तीन शब्द रोज छापतो मी, कॉपी करून टाकायचो, थेंब आहे हे आज कळलं

मिरचीचा_ठसका

भरताला काय म्हणायचं ते सांगा कुणीतरी, कामाचं

अमळनेरची_लेक

वांग्याला बेरेन्खेऽना, हा शब्द अरबीतून गेलाय त्यांच्याकडे. भरीत मात्र भरीतच, त्याला दुसरा शब्द शोधायचाच नाही. फक्त भ त्यांना येणार नाही, बारीऽत म्हणतील.

चाळीसगाव_ते_कुठेही

केळीवरून सावध करतो, देश बदलला की नाव बदलतं. स्पेन, मेक्सिकोत प्लाऽतानो. अर्जेंटिनात बानाऽना. व्हेनेझुएलात काम्बूऽर. इक्वेडोरमध्ये गिनेऽओ, आणि तिथे प्लाऽतानो म्हटलं तर भाजीचं, तळायचं केळं समजतील. जगात सगळ्यात जास्त केळी निर्यात करणारा देश आहे तो, तिथे केळीवाल्यानं केळीचं नाव चुकवणं बरं नाही.

आणि साहेबमाणसाशी बोलताना तूऽ नको, उस्तेऽद. त्याला क्रियापद 'तो'चं लागतं. आपण नाही का म्हणत, "साहेब चहा घेणार का?", समोर बसलेल्यालाच.

रावेरचा_पोऱ्या

सगळ्यांचे आभार. आज फोन केला त्याच गिऱ्हाईकाला, आधी कागदावर देवनागरीत लिहून घेतलं. शेठ शेजारी उभे. म्हटलं, एल खेऽफे पागोऽ एल फ्लेऽते. शेठनी भाडं भरलं. मग जोर मागे सरकवून पुढच्या वेळचं, उस्तेऽद पाऽगा, तुम्ही भरता. तो हसला आणि बरं म्हणाला!! शेठना कळलं काहीच नाही पण मी बोट वर केलं तर समजले.

मग जोशात येऊन आमच्या केळीबागेबद्दल पण सांगितलं, लोस प्लाऽतानोस एस्ताऽ बेऽर्दे

अमळनेरची_लेक

शाब्बास!! पण केळी अनेक आहेत रे, एस्ताऽन बेऽर्देस.

रावेरचा_पोऱ्या

हां एस्तान बेर्देस. आजी मागून विचारतेय कोणाशी बोलतोय, तिला सांगितलं जयगावचा य तिकडे पण चालतो. ती म्हणते मग तिकडचे लोक आपलेच असतीन.